भिंतीवर कोणाचा फोटो लावायचा

हिंगोली
५ जानेवारी २०२५

विश्वंभर,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलंस, ठीक आहे. माझा नंबरही बंद करून टाकलास. पण पोस्टमन काही तुझ्या ऐकण्यातला नाही, म्हणून लिहून राहिले. पत्र अकोल्याला, सरिताच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते. बायको तुझी असली तरी न वाचता फाडायची सवय तिला नाही.

तिनं मला सगळं कळवलं. यशोधरेच्या मैत्रिणीनं मोबाइलवर माझ्या सिनेमाची झलक दाखवली, त्यात भिंतीवर हार घातलेला फोटो आणि फोटोत तिचा बाप. मिसरूड फुटतानाचा, पण तिचाच बाप. पोरगी रडत घरी आली. दुसऱ्या दिवशी सरिताच्या शाळेतल्या एक बाई अर्धवट ऐकून, तोंड पाडून भेटायला आल्या आणि दार तूच उघडलंस. एरवी मी पोट धरून हसले असते. नाही हसले. जित्या माणसाच्या फोटोला हार म्हणजे काय ते मलाही कळतं, मी पुसेगावचीच आहे.

तुझ्या बाबतीत तर जास्तच कळतं. तू सरिताशी लग्न केलंस त्या दिवशी आबांनी आडावर जाऊन गावादेखत तुझ्या नावानं आंघोळ केली. माणूस मेल्यावर करतात ती. माणिकरावांच्या पोरानं बौद्धांची मुलगी केली, एवढ्यावर पोरगा मेला. भिंतीवरचे तुझे फोटो उतरले, आणि घरात तुझं नाव काढायची सोय राहिली नाही. आता त्याच घराच्या त्याच भिंतीवर तुझा फोटो हार घालून टांगलेला तू बघितलास. तुला काय वाटलं असेल ते मला कुणी समजावून सांगायला नको.

सरिताच्या मोबाइलवरून तू मला एवढंच लिहिलंस, की तो तुकडा सिनेमातून निघाला नाही तर तुम्ही सगळ्यांनी पुन्हा आंघोळ केली असं समजेन, आणि या वेळी मीपण तुमच्या नावानं करीन. ते मी बऱ्याचदा वाचलं. तू बोलल्याप्रमाणे करतोस हे मला ठाऊक आहे.

आता काय झालं ते ऐक. सिनेमा माझ्या सिद्धेश्वर धरणावरच्या कादंबरीवरून केलाय, ती तू वाचली नाहीस, म्हणून थोडक्यात सांगते. मासे धरायला गेलेला एक पोरगा धरणात बुडतो, सापडत नाही आणि त्याची आई त्याला मेला म्हणायला तयार होत नाही. तो पोरगा कादंबरीत एकदाही समोर येत नाही. त्याचं नाक कसं, डोळे कसे, मी एका शब्दानं लिहिलं नाही. ‘भिंतीवर त्याचा फोटो होता’ एवढंच आहे. मला त्या वाक्याचा भारी गर्व होता. वाचणारा आपल्या मनातला कुणीतरी त्या भिंतीवर लावतो आणि माझं काम परस्पर होऊन जातं.

सिनेमात ते चालत नाही. कॅमेरा भिंतीकडे वळला की भिंतीवर काहीतरी लागतंच. शूटिंगच्या आदल्या आठवड्यात राजनंदिनीनं मला विचारलं, “ताई, भिंतीवर कोणाचा फोटो लावायचा?” ही आमची कला-दिग्दर्शक. घर कसं दिसावं, भांडी कुठली, खाटेवर गोधडी कशी, हे सगळं ती बघते. मी म्हटलं, लाव कुणाचाही. ती म्हणाली, कुणाचाही म्हणजे कुणाचा? सगळी कादंबरी लिहून झाली होती आणि मला एवढं सांगता आलं नाही.

शूटिंग आपल्याच घरात होतं. डायरेक्टर धर्मसिंग आपल्या शेजारच्या तांड्यावरचा, आबांच्या ओळखीचा, त्यामुळे आबा नाही म्हणाले नाहीत. गर्दी होती, सामानाची उलथापालथ होती. त्यात राजनंदिनीच्या माणसांनी कुठूनतरी तुझा जुना फोटो उचलला आणि लावला. चूक त्यांची आहे. मायला यातलं काही माहीत नाही. त्या तुकड्यात ती दिसते खरी, सांत्वनाला आलेल्या बायकांत उभी आहे, पण तिला चष्म्याशिवाय कुठं दिसतं? मी धर्मसिंगशी बोलते. तोवर डोक्यात राख घालून घेऊ नकोस.

तुझी,
अक्का


हिंगोली
१९ जानेवारी २०२५

विश्वंभर,

मला उत्तर दिलं नाहीस. थेट निर्मात्यांना फोन लावलास. चल, तुझा आवाज अजून चढतो एवढं तर कळलं. मी लिहिलं होतं तेच तू त्यांना सांगितलंस, की राजनंदिनीच्या माणसांनी तुझा फोटो न विचारता उचलला. त्यांनी काल राजनंदिनीला कळवलं, पुढच्या सिनेमाला येऊ नको. नांदेडची पोरगी आहे, कुणाचा हात डोक्यावर नसताना इथवर आलेली. तिनं मला फोन केला तेव्हा भांडली नाही. ताई, मी विचारून घेतला होता फोटो, एवढंच म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

म्हणून आता खरं लिहिते. कादंबरीत मी खोटं झकास बोलते, लोक टाळ्या वाजवतात. तुझ्याशी बोलायला गेले आणि दुसऱ्याच्या पोरीच्या पोटावर पाय आला.

राजनंदिनीनं फोटो मायकडे मागितला होता. आजी, घरात कुणा तरुण पोराचा जुना फोटो आहे का म्हणून. तिचा एक नियम आहे, हार घालायचा असेल तर फोटोतला माणूस हयात नको. उगाच कुणाला अपशकून नको, कुणाच्या घरात तकलीफ नको. तसं तिनं मायला स्पष्ट विचारलं. माय आत गेली आणि तुझं कॉलेजचं ओळखपत्र घेऊन आली. इतकी वर्षं ते तिनं कुठं ठेवलं होतं मला माहीत नाही, मीही त्या घरात येते-जाते. तिनं राजनंदिनीला सांगितलं, “माह्या बहिणीचा लेक हाय. वारला. लई वर्सं झाली.”

त्या पोरीनं हात जोडले, हिंगोलीला येऊन फोटो मोठा करून घेतला, चौकट घातली आणि लावला. तिचं काय चुकलं?

तू मेलास असं मायनं सांगितलं, विश्वंभर. आपल्या तोंडानं. तुला हे कळू द्यायचं नाही म्हणून तिनं मला तुझी शपथ घातली होती. ती मी आज मोडते.

फोटो बघितला तेव्हा मी तिच्यावर खेकसलेच. माय, तू काहून असं केलं, आबांनी एकदा मारला तो कमी होता का, म्हणाले. ती तुरीच्या शेंगा सोलून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, “जित्ता हाय म्हणले आस्ते तर लावला आस्ता का त्यायनं?”

मला समजायला वेळ लागला. मी लेखिका, माणसाच्या मनात काय चाललंय ते ओळखायचा माझा धंदा, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. तिला तुझा फोटो त्या भिंतीवर लावायचा होता. आबांच्या समोर, उजेडात. नुसता लावायची तिची हिंमत नव्हती. सिनेमावाले आले, त्यांना एक मेलेला पोरगा पाहिजे होता, आणि तिनं तुला देऊन टाकला. तू मेला म्हटल्याशिवाय तुला घरात घेता येत नव्हतं, तर तिनं तसं म्हटलं.

आणि चष्म्याचं मी लिहिलं तेही खोटं. तिला चांगलं दिसतं. त्या प्रसंगात बायका सांत्वनाला येतात आणि फोटोखाली उभ्या राहतात एवढंच होतं. धर्मसिंगनं सगळ्यांना बजावलं होतं, माना खाली. सगळ्यांनी घातल्या. मायनं वर बघितलं. झेंडूचा हार घसरून तुझ्या तोंडावर आला होता, अर्धा चेहरा झाकला होता. तिनं हात वर केला, हार बाजूला सारला आणि तुझा चेहरा मोकळा केला. झोपलेल्या लेकराच्या तोंडावरची चादर सारतात तसा. धर्मसिंग कट म्हणायचं विसरला. पटकथेत असलं काही नव्हतं. मी लिहिलं असतं तर मी तिला रडवलं असतं, पदर तोंडाला लावायला लावला असता. तिला रडायचं कारणच नव्हतं. तिचा लेक अकोल्यात होता आणि तिला दिसत होता.

आता आबांचं. त्यांची खुर्ची त्या भिंतीसमोरच असते. पहिल्याच दिवशी त्यांनी फोटो बघितला. मी दारात होते. ते बराच वेळ बघत राहिले, मग चहा आला, तो प्याले. सिनेमावाले सामान गुंडाळून गेले, तेव्हा मायनं हार काढला आणि फोटो राहू दिला. तो अजून आहे, विश्वंभर. गावातलं कुणी आलं आणि टक लावून बघायला लागलं, की आबा स्वतःच म्हणतात, सिनेमावाल्यांचा हाय, नेतील ते. माय पण म्हणते, नेतील. दोघंही त्याच्याखाली बसून जेवतात. सिनेमावाले काही न्यायला येणार नाहीत हे दोघांनाही बराबर माहीत आहे.

तीस वर्षं लिहून राहिले, लोकांना सांगून राहिले की गोष्टीतून खरं बाहेर येतं. इथं दोन म्हातारी माणसं गोष्टीच्या आडोशाला जाऊन बसली आहेत आणि त्यांना तिथं बरं वाटतंय. हे कोणत्या पुस्तकात घालावं मला कळत नाही.

तू निर्मात्यांना परत फोन कर. राजनंदिनीचा दोष नाही म्हणून सांग. माझ्यावर राग ठेव, ते मला झेपतं.

अक्का


हिंगोली
२ फेब्रुवारी २०२५

विश्वंभर,

तू राजनंदिनीसाठी फोन केलास, तिनं सांगितलं. तिला परत बोलावलं आहे. फोटो तुझ्या आईनं दिला होता एवढंच तू म्हणालास आणि पुढं काही बोलला नाहीस, असंही कळलं.

मला मात्र अजून ओळसुद्धा नाही. बरं. तुझ्या तुकड्याचं काय झालं ते लिहिते.

धर्मसिंगकडे गेले. तो ऐकेना. ताई, त्या एका हातावर माझा अख्खा सिनेमा उभा हाय, म्हणाला. आणि त्याचं खोटं नाही. मी सिनेमा पुन्हा बघितला. दीड तास आपण एका आईला हट्टी म्हणत बसतो, आणि मग एक शेजारीण, जिचं नावही आपल्याला माहीत नाही, ती हार सारते, आणि आपल्याला एकदम पटतं की तो पोरगा कुठंतरी असेल. हे मला सगळ्या कादंबरीत साधलं नव्हतं. त्या हाताचं श्रेय घ्यायला मी एका पायावर तयार होते, तुझा निरोप आला नसता तर.

मी त्याला तेच ऐकवलं जे शिबिरांत पोरांना ऐकवते. घडलं म्हणून ठेवायचं नसतं, गोष्टीला लागतं म्हणून ठेवायचं. तो म्हणाला, गोष्टीला लागतंच की. मग त्यानं मला विचारलं, तुमी लेखिका म्हणून बोलून राहिल्या का बहीण म्हणून? मी म्हटलं, बहीण म्हणून. तर म्हणाला, मग हात तुमचा न्हाई. ज्याचा हात त्याला विचारा.

मला राग आला, पण त्याचं बोलणं रास्त होतं. शुक्रवारी पुसेगावला गेले. आबा हळदीच्या रानात गेले होते. मायला शेजारी बसवून मोबाइलवर ती झलक दाखवली. तिनं स्वतःला कधी असं बघितलं नव्हतं. पहिल्यांदा म्हणाली, लुगडं बरं दिसतंय. मग पुन्हा लाव म्हणाली. मग विचारलं, हे अकोल्यात दिसते का? मी म्हटलं, दिसते, तिथंच तर सगळं रामायण झालं. आणि मग जे झालं ते सांगितलं, तुझा निरोपही सांगितला, आंघोळीचा. काही झाकलं नाही.

तिनं विचारलं, “यशोनं मला बघलं का?”

नातीचं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. कुणी सांगितलं असेल? मी तर कधी धीर केला नव्हता. म्हटलं, माय, तिनं फोटो बघितला आणि ती लई रडली. तुझ्याकडे तिचं ध्यान गेलं नसेल. आणि गेलं तरी तू कोण हे तिला कुठून कळणार?

एवढं लागेल असं बोलायला नको होतं, पण बोलून गेले. मायची बोटं मोबाइलच्या काचेवर तशीच होती. म्हणाली, “म्या लेकराला रडवलं. काढाय सांग ते.” मी धर्मसिंगला फोन लावला आणि तिच्याच कानाला दिला. तिनं त्याला सांगितलं, बाबा, माहा हात काढून टाक. तो एवढा हट्टी माणूस, बरं माय म्हणाला आणि त्याच दिवशी त्यानं तो तुकडा कापला. मोबाइलवरची झलकही उतरवली.

काल त्यानं मला नवा प्रसंग दाखवला. बायका येतात, माना खाली घालतात, जातात. भिंत दिसतच नाही. तुला राग येईल पण सांगते, सिनेमा लंगडा झाला. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. माझ्या सगळ्या लिखाणात एकच खरी गोष्ट आली होती, आणि ती मी लिहिलेलीही नव्हती. पण लेकरू रडलं त्यापुढं ते काही नाही.

तुझं म्हणणं पुरं झालं, विश्वंभर. आता आंघोळ करायचं कारण उरलं नाही. मग काय उरलं ते तू ठरव. तू चंद्रावर राहत नाहीस, अकोल्यात राहतोस.

अक्का


हिंगोली बसस्थानक
९ फेब्रुवारी २०२५, सकाळ

विश्वंभर,

हे पत्र पोस्टानं येत नाही. तू ते वाचत असशील तर ज्या बाईनं तुझ्या हातात दिलं ती तुझ्या दारात उभी आहे. वाचत बसू नकोस, आधी तिला आत घे, पाणी दे. मग वाच.

मी तिला पाठवलं नाही. परवा तिचा फोन आला, रविवारची एसटी बघून ठेव म्हणून. मला वाटलं देवदर्शनाला नरसीला जायचं असेल. अकोल्याची, म्हणाली. सरिताला मी काल सांगितलं. ती स्टँडवर घ्यायला येते म्हणाली, आणि तुला मुद्दाम सांगितलेलं नाही. तू घराबाहेर निघून गेला असतास अशी तिला भीती होती. मलाही होती.

आज सकाळी तिला स्टँडवर आणायला मी माझी गाडी घेऊन पुसेगावला पोचले तेव्हा माय तयार होऊन बसली होती. आबा चहा पीत होते. त्यांना तिनं अजून सांगितलेलं नव्हतं. माझ्या समोर सांगितलं. ती कधी त्यांच्याशी उभ्यानं बोलली नाही, आज उभी राहून बोलली. म्हणाली, “मी लेकाकडं चालले. तुमी त्या दिशी आंघोळ केली. म्या न्हाई केली. माहा लेक मेला न्हाई.”

खोटं कशाला बोलू, माझ्यातली लेखिका तेव्हाही जागी होती. मनातल्या मनात मी आबांची वाक्यं लिहायला लागले. ओरडतील, कप फेकतील, गेली तर परत येऊ नको म्हणतील. सिनेमा असता तर मी त्यांना रडवलं असतं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. चहा संपवला. कप खाली ठेवला.

मायची पिशवी उचलून मी निघाले. ती पुढं होती, उंबऱ्याबाहेर. मागून आबांनी मला हाक मारली. जवळ गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, गुडघे धरलेत तिचे, तिला जिना चढवत न्हाई, तेवढं सांग.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी सोडलं नाही. कुणाला सांगू, म्हणून विचारलं.

त्यांनी रिकामा कप पुन्हा उचलला; मला वाटलं आता उठून आत जातील.

“विश्वंभरला सांग,” म्हणाले.

तर सांगितलं. तुझं घर वर आहे का खाली, मला माहीत नाही, मी कधी आलेच नाही. वर असेल तर तिला हात दे.

अक्का